पावसाळी मैदान आणि कॉलेजचा फुटबॉल

आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीची घाई सुरू होते आणि लहानथोर सर्वांचे डोळे आभाळाकडे लागतात. बांधीत गुडघाभर चिखलात उभा असलेला शेतकरी म्हणतो, अजून दोन दिवस असाच पडू दे. त्याच वेळी शहरातील कॉलेजच्या मैदानावर गोलखांबांच्या मध्ये उभा असलेला विद्यार्थी म्हणतो, निदान तासभर तरी थांब. दोघेही एकाच ढगाकडे पाहत असतात; आणि कित्येकदा दोघे एकाच घरचे असतात. पाऊस कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. तेव्हा फुटबॉल खेळणाऱ्याने त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. कोणता पाऊस कोणत्या जातीचा, हे मात्र त्याने ओळखावयास हवे. कारण खेळ बिघडविणारे हवामान आणि जीवावर बेतणारे हवामान ही दोन एक नव्हेत, आणि लोक बहुधा पहिल्यालाच भितात.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. नकाशावर तो नवा असला तरी भूमी जुनीच आहे: वैनगंगेचे खोरे, धानाच्या बांध्या, आणि कोहळी लोकांच्या कसबाने व मालगुजारांच्या आश्रयाने उभे राहिलेले असंख्य तलाव. वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. मुंबईकराच्या परिचयाचा पाऊस अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीस धडकतो. गोंदियाचा मोठा पाऊस पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले की ते ओडिशा व छत्तीसगढ ओलांडून पूर्व विदर्भाकडे सरकते, आणि मग तीन-तीन, चार-चार दिवस झड लागते. सूर्यदर्शन होत नाही, वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, आणि मैदानावर पांढऱ्या रेषा आखाव्यात तर चुना वाहून जातो.

एवढ्या पावसात फुटबॉल खेळावाच कशाला, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. विशेषतः चिखलाने माखलेले कपडे धुण्याची पाळी येते तेव्हा. त्याचे उत्तर काही इतिहासात आहे, काही हवामानात. इंग्लंडात हा खेळ हिवाळ्याचा. तेथे उन्हाळा क्रिकेटला वाहिलेला. या देशात क्रिकेटने कोरडा ऋतू आपल्याकडे घेतला आणि फुटबॉलच्या वाट्याला पावसाळा आला. त्या वेळच्या कलकत्त्यातील लीग आणि आय. एफ. ए. शील्डचे सामने पावसाच्या महिन्यांतच रंगत; मुंबईतही क्रिकेटचा मोसम संपला की फुटबॉलची वर्दळ सुरू होई. गोंदियास आणखी एक कारण आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा मैदानावर धावण्याचे नाव काढू नये. कॉलेजचे वर्ष जून-जुलैत उघडते. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय, न. मा. द. महाविद्यालय आदी येथील कॉलेजे नागपूरच्या विद्यापीठाशी, म्हणजे १९२३ साली स्थापन झालेल्या व आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाशी, संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी संघ उभा करावयाचा तर खेळाडूंची निवड व सराव या गोष्टी पावसातच उरकाव्या लागतात. कोरड्या दिवसांची वाट पाहत बसणारा संघ सामन्याच्या दिवशी एकमेकांची नावे विचारीत उभा राहील.

पावसाने आपल्या फुटबॉलचा इतिहासही थोडाफार घडविला आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २ विरुद्ध १ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकले, तेव्हा एक खेळाडू सोडला तर त्यांचा सारा संघ अनवाणी होता. कोरड्या जमिनीवर अनवाणी पाय चपळ असतो. चेंडूची नाडी त्याला चटकन कळते. परंतु जमीन ओली झाली की तोच पाय घसरू लागतो आणि लोखंडी टाचेचा सोल्जर त्याच्यावर मात करतो. हा अनुभव अनेक वर्षे घेतल्यावरही बहुतेक संघ अनवाणीच खेळत राहिले. मोहमेडन स्पोर्टिंगने मात्र ओल्या मैदानासाठी बूट जवळ केले आणि १९३४ पासून १९३८ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे कलकत्त्याची लीग जिंकली. त्यांच्या यशाचे सारे श्रेय बुटांना देणे अन्यायाचे होईल; पण पावसाळी लीगमध्ये बूट न घालणे हा अभिमानाचा विषय असला तरी शहाणपणाचा नव्हे, एवढे त्यांनी दाखवून दिले. तरीही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले व २ विरुद्ध १ असे थोडक्यात हरले. पुढे १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १० विरुद्ध १ अशी धूळ चारली, तेव्हा कोठे बुटांची सक्ती झाली. पावसाने चाळीस वर्षे जे सांगितले ते शेवटी थंडीच्या तोंडून ऐकावे लागले.

पायाखाली काय आहे, हे पायात काय आहे यापेक्षाही महत्त्वाचे. भंडारा-गोंदियाकडील शेतकरी मातीला नावाने ओळखतो: कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बरडी. कन्हार काळी आणि चिवट. मोरंड तिच्याहून किंचित हलकी. सिहार पिवळसर, रेती व चिकणमाती यांच्या मिश्रणाची आणि धानाला मानवणारी. खर्डी हलकी, आणि बरडी तर मुरमाडच. फुटबॉलसाठी यांतली कोणती चांगली, असे शेतकऱ्याला विचारले तर तो हसून बरडीकडे बोट दाखवील, कारण तीत पाणी ठरत नाही आणि म्हणून ती त्याच्या कामाची नाही. धानाकरिता जमीन चिखलतात ती मुद्दाम. ओल्या मातीची घडण मोडून तिच्यातील हवेची छिद्रे बुजवावयाची आणि खाली पाणी झिरपू न देणारा थर तयार करावयाचा, हा चिखलणीचा उद्देश असतो. त्यामुळे बांधीत पाणी उभे राहते व रोप तरारते. फुटबॉलच्या मैदानास नेमके याच्या उलट हवे असते.

आता श्रोत्यांनी कल्पना करावी की, झडीच्या तिसऱ्या दिवशी बावीस खेळाडू नव्वद मिनिटे अशा मैदानावर धावत आहेत. ते फुटबॉल खेळत आहेत खरे. परंतु त्यांची इच्छा असो वा नसो, त्याच वेळी ते चिखलणीही करीत आहेत. दोन्ही गोलांच्या समोर आणि मध्यवर्तुळात, जेथे पाय सर्वांत अधिक पडतात, तेथील माती इतकी मळली जाते की पुढे आठ दिवस पाऊस न पडताही तेथे डबके राहते. गवत मुळासकट उपटते. मग ऊन पडले की पावलांचे ठसे विटांसारखे घट्ट होतात आणि पुढच्या सामन्यात एखाद्याचा घोटा मुरगळतो. दोष त्या दिवसाच्या कोरड्या हवेचा दिसतो. खरा दोष असतो तो पंधरा दिवसांपूर्वी हट्टाने खेळविलेल्या सामन्याचा. मैदानाची निगा राखणाऱ्या शिपायास हे पक्के ठाऊक असते. पण सामना खेळवावा की नाही हे ठरविताना त्याचे मत कोणी विचारीत नाही, आणि हे बरे नव्हे.

उपाय फारसा खर्चाचा नाही. मैदानाचा मध्य किंचित उंच ठेवून दोन्ही कडांकडे शंभरास एक या प्रमाणात उतार द्यावा. म्हणजे पस्तीस मीटरांत जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. डोळ्यांना तो दिसतही नाही, पाण्याला मात्र समजतो. कडेने चर असावा आणि तो पावसाळ्यापूर्वी उपसलेला असावा. ज्या जिल्ह्याने पाणी अडविण्याची विद्या तलावांच्या पाळींवर शिकून घेतली, त्याला पाणी काढून देण्याची विद्या अवघड वाटू नये.

आता चेंडूकडे वळू. नियमाप्रमाणे चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. पण ते सामन्याच्या आरंभी. पुढे पावसात त्याचे काय होते याबद्दल नियम मुका आहे. पूर्वीचा चेंडू चामड्याचा, आत रबरी फुगा आणि वरून वादीने आवळलेला असे. पाणी पिऊन तो इतका जड होई की उत्तरार्धात तो लांब मारणे म्हणजे अंगमेहनतीचे काम, आणि डोक्याने मारणे म्हणजे संकट. हे संकट केवळ त्या क्षणाचे नव्हते. इंग्लंडचा नामांकित खेळाडू जेफ ॲस्टल २००२ साली वारला, तेव्हा तेथील मृत्युचौकशीत असा निष्कर्ष निघाला की वर्षानुवर्षे जड चामडी चेंडू डोक्याने मारल्यामुळे त्याच्या मेंदूस इजा झाली होती. आजचे चांगले चेंडू कृत्रिम आवरणाचे असतात. उत्तम दर्जाच्या चेंडूने कसोटीत आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक पाणी शोषता कामा नये, अशी अट आहे. मात्र सरावासाठी कॉलेजात पिशवीभर जे जुने, शिवण उसवलेले चेंडू वापरात असतात, त्यांना ही अट ठाऊक नसते. पावसाळी सरावात अशा चेंडूंवर डोके मारण्याचा अभ्यास करवून घेऊ नये, हे क्रीडाशिक्षकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

ओल्या मैदानावर खेळ मंदावतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गवत नुसते ओले असेल तर चेंडू उलट वेगाने सरकतो, टप्पा पडताच निसटतो, आणि गोलरक्षकाच्या हातून साबणाच्या वडीसारखा सुटतो. अशा वेळी जमिनीलगतचा जोरदार फटका हे आघाडीच्या खेळाडूचे उत्तम शस्त्र होय. परंतु पाणी साचले की हेच चित्र पालटते. चेंडू डबक्यात येताच थबकतो. ज्याने तो पुढे ढकलला तो स्वतः मात्र थांबू शकत नाही व चेंडूला मागे टाकून निघून जातो. बघ्यांची करमणूक होते. आखूड, नीटस पासांवर ज्यांचा खेळ उभा आहे त्या संघाची सारी विद्या अशा ठिकाणी वाया जाते, आणि उंचावरून लांब चेंडू टाकणारा आडदांड संघ वरचढ ठरतो.

जगातील दोन प्रसिद्ध सामने या दोन अवस्थांची साक्ष देतात. ४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. हंगेरीचा संघ त्या काळी अजिंक्य समजला जाई आणि पहिल्या आठ मिनिटांतच त्याने पश्चिम जर्मनीवर दोन गोल चढविले होते. पण पाऊस पडत होता. जर्मन खेळाडूंच्या बुटांना स्क्रूने बदलता येणारे खिळे होते. ओल्या मैदानासाठी त्यांनी लांब खिळे बसवून घेतले आणि सामना ३ विरुद्ध २ असा जिंकला. येथे पावसाने तयारी केलेल्याला हात दिला. वीस वर्षांनी, ३ जुलै १९७४ रोजी, फ्रँकफुर्ट येथे याच पश्चिम जर्मनीची गाठ पोलंडशी पडली. सामन्यापूर्वी मुसळधार पाऊस झाला. मैदानावरील पाणी काढण्यासाठी आगीचे बंब बोलवावे लागले, तरी डबकी राहिलीच. पोलंडची भिस्त आपल्या आघाडीच्या वेगावर होती व तो वेगच पाण्यात बुडाला. जर्मनीने १ विरुद्ध ० असा विजय मिळविला. तो सामना खेळविणे योग्य होते की नाही, याचा वाद पोलंडमध्ये कायमचा राहिला. आणि पोलंडवासीयांस दोष देणे कठीण आहे.

हा वाद लहान मैदानावरही उद्भवतो, नव्हे अधिक तीव्रतेने उद्भवतो. सामना सुरू करावा, थांबवावा की अजिबात सोडून द्यावा, याचा अधिकार नियमांनी पंचास दिलेला आहे. आणि अर्धवट राहिलेला सामना, स्पर्धेचे नियम निराळे नसतील तर, नव्याने खेळवावा लागतो. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात बाहेरगावचा संघ रेल्वेने सव्वाशेपेक्षा अधिक किलोमीटर प्रवास करून नागपुराहून आलेला असतो. त्याची परतीची गाडी ठरलेली असते. प्राचार्य व पाहुणे खुर्च्यांवर विराजमान झालेले असतात. चहा उकळत असतो. एक गोलने पुढे असलेला संघ म्हणतो, खेळू या. मागे असलेला म्हणतो, पाणी फार आहे. पंच बहुधा एखादा तरुण शिक्षक असतो. त्याला धीर देण्याचा एकच मार्ग म्हणजे निर्णयाची कसोटी सामन्यापूर्वीच दोन्ही कप्तानांसमक्ष ठरवून टाकणे. चेंडू खांद्याच्या उंचीवरून मैदानात पाच-सहा ठिकाणी सोडून पाहावा. तो उसळतो की थपकन बसतो? तो जमिनीवरून दहा पावले ढकलावा. जातो की अडतो? दोन्ही गोलांसमोर तो बसत आणि अडत असेल तर सामना होऊ नये. मग पुढे कोण आहे आणि मागे कोण, हा प्रश्नच उरत नाही.

येथवर जे सांगितले ते आषाढ-श्रावणातील झडीविषयी. झडीत कपडे भिजतात, सामने बुडतात, कोणाचा गुडघा दुखावतो, चिखलातल्या काचेने पाय कापला तर धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी लागते. पण संथपणे कोसळणाऱ्या या पावसात विजा त्या मानाने कमी असतात. विजांचे खरे दिवस दोन: पावसाळा येतानाचे आणि जातानाचे. जुन्या लोकांच्या भाषेत मृगाचे आणि हस्ताचे. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते. आभाळ धुतल्यासारखे निळे असते, मैदान वाळून खेळण्याजोगे झालेले असते, विद्यार्थी खुशीत असतात. दुपारी ऊन चटचटते आणि हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही. २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात उकाड्यामुळे पाणी पिण्यासाठी खेळ थांबविण्याची जी सोय केली गेली, ती येथे या दिवसांत खुशाल करावी. मग चारच्या सुमारास एका कोपऱ्यात काळा ढग उभा राहतो. पाऊस अजून आलेला नसतो, म्हणून कोणी खेळ थांबवीत नाही. धानाच्या शेतात कापणीपूर्वीची कामे करणारी माणसे आणि मोकळ्या मैदानावरील मुले विजेच्या तडाख्यात सापडतात ती अशाच घटकेला.

वीज ढगाच्या पोटाखालीच पडते असे नाही. ती दहा किलोमीटर दूरही पडू शकते. सपाट मैदानावर उभा असलेला खेळाडू हाच आसपासचा सर्वांत उंच पदार्थ असतो, आणि नसला तर लोखंडी गोलखांब असतो. वीज जमिनीत शिरल्यावर सर्व बाजूंस पसरते व एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते, म्हणून एका तडाख्यात अनेक माणसे कोसळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत इंडोनेशियातील बांडुंग येथे चालू सामन्यात एक खेळाडू विजेने मृत्यू पावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेरू देशात तर पंचाने वादळ पाहून खेळ थांबविला होता. खेळाडू मैदानातून बाहेर चालले असतानाच वीज पडली आणि एक जण गेला. पंचाने चूक केली नव्हती, पण थांबविणे काही मिनिटे उशिराचे ठरले.

म्हणून येथे पंचाच्या धैर्यावर वा अंदाजावर काही सोडू नये, घड्याळावर सोडावे. वीज चमकली की मोजावयास लागावे. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तेव्हा तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे आणि खेळ तत्काळ थांबविला पाहिजे, मग गोल होण्याच्या बेतात असो वा नसो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजांचा वेध घेणारे यंत्रांचे जाळे उभारले आहे व त्यावर आधारलेले 'दामिनी' हे मोबाईलवरील साधन कोणासही विनामूल्य मिळते. क्रीडाशिक्षकाच्या खिशात शिट्टीबरोबर तेही असावे.

खेळ थांबल्यावर मुले कोठे जातात, हे त्याहून महत्त्वाचे. ती सवयीने कडुनिंबाखाली किंवा मोहाखाली जातात, आणि मैदानाच्या कडेला याहून वाईट जागा दुसरी नसते. चार बाजूंनी उघडी असलेली टिनाची शेडही कामाची नाही. पक्क्या इमारतीत जावे. ती दूर असेल तर खिडक्या बंद केलेल्या मोटारीत वा बसमध्ये बसावे.

आणि कोणी कोसळलाच, तर त्याला हात लावण्यास भिऊ नये. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. शेजारच्या छत्तीसगढमध्ये अशा माणसाला शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वारंवार येतात. त्यात जाणारी मिनिटे हीच त्याचे प्राण वाचविण्याची मिनिटे असतात. श्वास थांबलेला आढळला तर जागच्या जागी छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने व भरभर दाब देत राहावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत दाब थांबवू नये. हे काम अकरा जणांपैकी निदान चौघांना येत असावे. पावसाळी सरावाच्या ज्या दिवशी मैदानात पाणी असते, तो दिवस वर्गात बसून हे शिकण्यास उत्तम.

पुन्हा मैदानावर केव्हा जावे? शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटांनी. ऊन पडले, ढग पांगला, पाहुणे उठून उभे राहिले, तरी तीस मिनिटांनीच. आणि एकोणतिसाव्या मिनिटाला दूर तिरोड्याच्या बाजूस पुन्हा गडगडले, तर मोजणी पुन्हा पहिल्या मिनिटापासून.